नकाशावरची रेघ आणि तिच्याखालची घरं: लॉस एंजेलिसच्या ७१० फ्रीवेचं प्रकरण

लाँग बीच बंदराकडून उत्तरेला निघालेला ७१० फ्रीवे सुमारे ३७ किलोमीटर एकाही सिग्नलला न थांबता येतो. कंटेनर लादलेले ट्रेलर, टेम्पो, कामावर निघालेल्या मोटारी, सगळं एका वेगात वाहत असतं. दहा क्रमांकाचा फ्रीवे मागे पडतो, डाव्या हाताला कॅल स्टेट एलए विद्यापीठाची टेकडी दिसते आणि थोड्याच अंतरावर फ्रीवे संपतो. समोर सिग्नलचा खांब आणि आडवा जाणारा व्हॅली बुलेव्हार्ड. पुढे रस्ता नाही. अनेक वर्षं या फ्रीवेच्या हिरव्या पाट्यांवर उत्तरेच्या दिशेला ‘पॅसाडिना’ असं गावाचं नाव लिहिलेलं असायचं. त्या पाटीच्या भरवशावर आलेला माणूस इथे अल्हांब्रा गावाच्या रस्त्यांत सोडला जायचा. मग उजवीकडे वळायचं, फ्रीमाँट अ‍ॅव्हेन्यू पकडायचा, शाळा, दवाखाने, घरांची फाटकं यांच्यामधून सिग्नलमागून सिग्नल काढत जायचं.

तिकडे पॅसाडिनात याच फ्रीवेचं दुसरं टोक आहे. २१० आणि १३४ क्रमांकांच्या रस्त्यांच्या जंक्शनपासून ते दक्षिणेला निघतं, जमिनीखाली खोल खोदलेल्या रुंद खंदकातून जातं आणि कॅलिफोर्निया बुलेव्हार्डपाशी, हंटिंग्टन हॉस्पिटलच्या जवळ, थांबतं. स्थानिक लोक त्याला ‘स्टब’ म्हणतात. आपण खुंट म्हणू, फांदी तोडल्यावर खोडाला राहतो तसा. त्यावर ७१० असा क्रमांकही लावलेला नव्हता.

या दोन टोकांमध्ये सुमारे साडेचार मैल, म्हणजे सात किलोमीटर, रस्ता नाही. तो कधी बांधलाच गेला नाही. मधे लॉस एंजेलिस शहराचा एल सेरेनो हा भाग आहे, अल्हांब्राची कड आहे, साउथ पॅसाडिना हे जेमतेम साडेतीन चौरस मैलांचं, पंचवीस-सव्वीस हजार वस्तीचं गाव आहे आणि पॅसाडिनाचा दक्षिण भाग आहे. ही सात किलोमीटर जोडायची की नाही, यावर साठ वर्षं भांडण चाललं. या प्रकरणावर बहुतेक लोक वाहतुकीच्या अंगाने लिहितात: किती गाड्या, किती मिनिटं, किती धूर. ते महत्त्वाचं आहेच. पण मला हे प्रकरण घरांचं वाटतं. रस्ता झाला नाही म्हणून काही घडलं नाही, असं मुळीच नाही. न झालेल्या रस्त्यानेही शेकडो घरं गिळली, आणि ती कशी, हे नीट मांडायची माझी इच्छा आहे.

रेघ कशी पडली

१९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने राज्यभराच्या फ्रीवे आणि एक्स्प्रेसवेंचं एक मोठं जाळं कायद्यात घातलं. दक्षिणेचं बंदर आणि उत्तरेची पॅसाडिना यांना जोडणारा मार्ग त्यात होता. १९६४ मध्ये राज्याच्या महामार्ग आयोगाने मधल्या भागासाठी ‘मेरिडियन’ नावाची आखणी पक्की केली. ही रेघ साउथ पॅसाडिनाच्या थेट पोटातून जात होती.

तेव्हाची कामाची पद्धत ध्यानात घ्यायला हवी. फ्रीवे एका झटक्यात बांधत नसत. जिथे जागा हातात आली आणि विरोध कमी, तिथे आधी काम सुरू होई. दक्षिणेकडचा भाग वाढत वाढत १९६० च्या दशकात व्हॅली बुलेव्हार्डपर्यंत पोचला. पॅसाडिनाचा खंदक १९७० च्या दशकात खोदला गेला आणि त्यासाठी तिथली वस्ती उठवली. त्या वस्तीत कृष्णवर्णीय, जपानी आणि मेक्सिकन वंशाची कुटुंबं होती. इतर मोहल्ल्यांत त्यांना घरं घेऊ दिली जात नव्हती, म्हणून ती इथे एकवटलेली. त्यांना पुन्हा तसाच शेजार कुठे मिळणार होता?

दोन्ही टोकं तयार असली की मधला तुकडा कधी ना कधी होणारच, असा सगळ्यांचा हिशोब होता. अर्धवट रस्ता उभा करणं हीच पुढच्या मंजुरीसाठीची सर्वांत मोठी सबब ठरते. ‘एवढा खर्च झालाय, आता थांबून कसं चालेल?’ हा प्रश्न मग दर दहा वर्षांनी नव्याने विचारला जातो. ७१० च्या बाबतीत तो पाच-सहा वेळा तरी विचारला गेला.

याच काळात राज्याचं महामार्ग खातं, ज्याला पुढे कॅलट्रान्स हे नाव मिळालं, मधल्या पट्ट्यातली घरं विकत घेत सुटलं. १९५० च्या दशकापासून ही खरेदी सुरू होती. काही मालकांनी आपणहून विकली, काहींना विकावी लागली. रेघ जिच्यावरून गेली आहे त्या घराला दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही.

एक छोटं गाव कोर्टात

साउथ पॅसाडिनाने विरोध केला तो घरांसाठी आणि गावासाठी. ११० क्रमांकाचा जुना पार्कवे १९४० पासून या गावातून जातोच आहे. आणखी एक फ्रीवे आला असता तर गावाचे तुकडे पडले असते. शंभर वर्षांची लाकडी घरं, ओक आणि सिकॅमोरची मोठी झाडं, चालत जाण्याजोगी शाळा, हे सगळं रेघेखाली येत होतं. पुढे ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने या पट्ट्यातल्या वस्त्या देशातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या स्थळांच्या यादीत घातल्या.

नशीब असं की कायदा नुकताच बदलला होता. १९७० च्या सुरुवातीला पर्यावरण धोरणाचा राष्ट्रीय कायदा लागू झाला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने स्वतःचा पर्यावरण कायदा केला. सरकारी पैशाने मोठं काम करायचं तर आधी परिणामांचा अभ्यास करा, पर्याय तपासा, लोकांसमोर ठेवा, असं बंधन आलं. १९७३ मध्ये साउथ पॅसाडिनाने फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टातून मनाई हुकूम मिळवला. अभ्यास झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला १०५ क्रमांकाच्या फ्रीवेवरही रहिवाशांनी खटला भरला होता. तिथे १९७२ मध्ये काम थांबलं, पण पुढे तडजोड झाली. पदर कमी केले, मधोमध रेल्वेची लाईन घेतली, उठवलेल्या लोकांसाठी घरं बांधायचं कबूल केलं आणि १९९३ मध्ये तो रस्ता खुला झाला. दोन खटले, दोन शेवट. १०५ च्या पट्ट्यात बरीच घरं आधीच घेतली गेली होती. साउथ पॅसाडिनात गाव अजून उभं होतं आणि लोकांना रस्ताच नको होता. तडजोडीला जागाच नव्हती.

कॅलट्रान्सने पंचवीस वर्षं अहवालांवर अहवाल काढले. ऐतिहासिक घरं चुकवण्यासाठी रेघ इकडून तिकडे वाकवली. शेवटी १९९८ मध्ये फेडरल महामार्ग प्रशासनाने जमिनीवरून जाणाऱ्या फ्रीवेला मंजुरी दिली. त्यात जवळजवळ हजार घरं जाणार होती. पुढच्याच वर्षी न्यायाधीश डीन प्रेगरसन यांनी पुन्हा मनाई केली. गावाने सुचवलेल्या कमी बांधकामाच्या पर्यायाकडे, म्हणजे सिग्नल सुधारणं, चौक रुंद करणं, बस आणि रेल्वे वाढवणं याकडे, यंत्रणेने नीट पाहिलंच नाही असा गावाचा मुद्दा होता आणि तो टिकला. २००३ मध्ये फेडरल प्रशासनाने स्वतःची मंजुरी मागे घेतली. जमिनीवरचा फ्रीवे तिथेच संपला, पण रेघ कायद्यात तशीच राहिली.

घरं

इथे मला थोडं थांबायचं आहे.

१९७३ चा मनाई हुकूम आला तेव्हा सरकारच्या हातात शेकडो घरं येऊन पडली होती. पाडायची तर कोर्टाने रोखलेलं. विकायची तर रस्ता रद्द झालेला नाही. म्हणून सरकारने ती भाड्याने दिली. रस्ते बांधणारं खातं घरमालक झालं आणि जवळपास पन्नास वर्षं घरमालक राहिलं. अगदी अलीकडेपर्यंत या पट्ट्यात त्याच्याकडे सुमारे ४६० मालमत्ता होत्या. त्यात पॅसाडिनातले बंगले होते, साउथ पॅसाडिनातली जुनी क्राफ्ट्समन पद्धतीची घरं होती आणि एल सेरेनोतली छोटी बैठी घरंही होती.

ज्या घराचं भवितव्य पाडणं हेच आहे, त्याला कुणी नवं छप्पर घालत नाही. माझ्या मामांच्या घरावर डीपी रस्त्याची, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातल्या रस्त्याची, अशीच रेघ होती. दर मे महिन्यात मामा पत्र्याच्या भोकांवर डांबर लावून घ्यायचे, पण स्लॅब काही टाकला नाही. ‘उद्या रस्ता आला तर पैसे मातीत,’ मामी म्हणायची. माझं सगळं लहानपण त्या घराने ‘उद्या’ची वाट पाहण्यात घालवलं. त्यामुळे ७१० च्या पट्ट्यातल्या भाडेकरूंचं मला काही अवघड जात नाही समजायला. फरक एवढाच की मामांना निदान कायद्याचा आधार होता. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातलं कलम १२७ सांगतं की आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि तरीही ठरल्या मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. ७१० च्या पट्ट्यात घरं आधीच सरकारच्या नावावर झाली होती. मालकच सरकार, मग नोटीस कोण कोणाला देणार? त्या रेघेला मुदत नव्हती.

कौलांखालून पाणी गळायचं, लाकडी पाया वाळवी पोखरायची, बागेतली झाडं वाळायची. भाडेकरूने तक्रार केली की फाइल फिरायची. काही घरं रिकामी झाली ती रिकामीच ठेवली गेली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या, भोवती कुंपण घातलं. एका रांगेत चार घरं नांदती आणि पाचवं फळ्या मारलेलं, असे रस्ते तिथे तयार झाले. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात खात्याच्या या कारभारावर कडक ताशेरे ओढले. बऱ्याच घरांचं भाडं बाजारभावापेक्षा खूप कमी होतं, आणि दुरुस्तीवर जो मोठा खर्च झाला तो वाजवी आणि गरजेचा होता हे खात्याला दाखवता आलं नाही. म्हणजे पैसा गेला, आणि घरंही गळतच राहिली. यात एकट्या कारकुनाचा किंवा इंजिनिअरचा दोष शोधण्यात अर्थ नाही. पूल आणि रस्ते बांधण्यासाठी उभ्या केलेल्या खात्याला घर सांभाळायचं शिकवलेलं नव्हतं आणि सांभाळायचं का, हेही कुणी सांगितलं नव्हतं.

एक चांगला कायदा मात्र लवकर झाला होता. १९७९ मध्ये सिनेटर डेव्हिड रॉबर्टी यांच्या पुढाकाराने असं ठरलं की राज्याकडे जास्तीची ठरलेली घरं विकताना तिथे राहणाऱ्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या भाडेकरूंना ती परवडणाऱ्या किमतीत आधी द्यायची. तीस-तीस वर्षं भाडं भरत राहिलेल्या कुटुंबांचा सगळा जीव या कायद्यात अडकला. पण घर ‘जास्तीचं’ कधी ठरणार? रस्ता नको असं ठरल्यावर. आणि ते तर कुणी ठरवत नव्हतं. त्यामुळे १९७९ चा हक्क कागदावर राहिला, माणसं म्हातारी झाली, काही गेली. २०१३ मध्ये घरविक्रीचा मार्ग मोकळा करणारा कायदा झाला, विक्रीचे नियम यायला २०१६ उजाडलं. त्यानंतरही एकेका घराची विक्री वर्षानुवर्षं चालली आहे.

एल सेरेनोचा वाटा

मधल्या पट्ट्यातल्या सगळ्यांचा छळ सारखा झाला असं म्हणणं खोटं ठरेल. साउथ पॅसाडिना स्वतंत्र गाव आहे. त्याला स्वतःची नगरपरिषद आहे, स्वतःचे वकील आहेत, पन्नास वर्षं खटला चालवण्याची चिकाटी आणि ऐपत आहे. एल सेरेनो हा लॉस एंजेलिस शहराचा पूर्वेकडचा, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांचा भाग. त्याला स्वतःची नगरपरिषद नाही. लाखोंच्या शहरात त्याचा आवाज एका प्रभागापुरता.

१९९० च्या दशकातल्या आराखड्यांत हे उघडं पडलं. साउथ पॅसाडिना आणि पॅसाडिनाच्या विरोधामुळे तिथे फ्रीवे जमिनीच्या खाली दाबायचा, काही ठिकाणी वरून झाकायचा, आवाज आणि धूर कमी व्हावा म्हणून खर्च करायचा असं ठरत गेलं. एल सेरेनोच्या वाट्याला तशी काळजी आली नाही. तिथल्या रहिवाशांच्या कृती समितीने १९९५ मध्ये याविरुद्ध खटला भरला. त्यांचं म्हणणं साधं होतं: गोऱ्या, सधन वस्तीतून जाताना जो रस्ता तुम्ही झाकता, तोच आमच्या शाळेशेजारून उघडा का नेता? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत न्याय्य वाटणारा प्रश्न हाच आहे. साउथ पॅसाडिनाच्या लढ्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण त्या लढ्याचं यश सांगताना हा खटला गाळून चालणार नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी सुरू होत होती. ‘घरातच राहा’ असं राज्य सांगत होतं. त्याच आठवड्यात एल सेरेनोत घर नसलेली किंवा दाटीवाटीत राहणारी काही कुटुंबं सरकारच्या मालकीच्या रिकाम्या घरांत शिरली आणि राहू लागली. त्यांनी स्वतःला ‘रिक्लेमिंग अवर होम्स’ असं नाव दिलं. आयांनी लेकरांसह ओसाड खोल्या झाडल्या, दारावर फलक लावले. सरकारने आधी काही घरं शहराच्या गृहनिर्माण यंत्रणेमार्फत तात्पुरत्या निवाऱ्यासाठी देऊ केली. पण नोव्हेंबरमध्ये आणखी कुटुंबांनी इतर घरांत शिरकाव केला तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री महामार्ग पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. न बांधलेल्या रस्त्यासाठी राखलेल्या घरातून महामार्ग पोलिसांनी लेकुरवाळ्या बायकांना उचलावं, याची चित्रं पाहताना माझ्या घशात आवंढा आला होता.

अल्हांब्राची बाजू

अल्हांब्राला दोषी ठरवणं सोपं आहे, कारण त्या गावाने शेवटपर्यंत रस्ता मागितला. पण व्हॅली बुलेव्हार्डच्या सिग्नलपाशी सकाळी आठ वाजता उभं राहून पाहा. फ्रीवेची सगळी वाहतूक घरांच्या रस्त्यांवर ओतली जाते. फ्रीमाँटवर राहणाऱ्या बाईला स्वतःच्या गेटमधून गाडी मागे घेता येत नाही. ही वाहतूक अल्हांब्राने बोलावलेली नाही, राज्याने फ्रीवे इथे आणून सोडला म्हणून ती आली. गावाने १० जुलैला (अमेरिकेत तारीख ७/१० अशी लिहितात) ‘७१० डे’ नावाचा रस्त्यावरचा उत्सव भरवायला सुरुवात केली, शेजारच्या मॉन्टेरी पार्क, सॅन गॅब्रिएल, रोझमीड यांना सोबत घेतलं. पलीकडे साउथ पॅसाडिनासोबत ग्लेंडेल, ला कॅन्याडा फ्लिंटरिज, सिएरा माद्रे उभी राहिली. पॅसाडिना आधी दोलायमान होती. २००१ मध्ये तिथल्या मतदारांनी रस्त्याच्या बाजूने कौल दिला आणि २०१५ मध्ये तिच्या नगरपरिषदेने बोगद्याला विरोध केला.

बोगद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. वरून जाता येत नाही तर खालून जाऊ, अशी कल्पना २००० नंतर पुढे आली. २००८ मध्ये लॉस एंजेलिस कौंटीच्या मतदारांनी ‘मेझर आर’ म्हणजे अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला, त्यातले ७८ कोटी डॉलर या जोडणीसाठी बाजूला काढले. मार्च २०१५ मध्ये अहवालाचा मसुदा आला. त्यात पाच पर्याय होते: काहीच न करणं, रस्त्यांच्या छोट्या सुधारणा, जलद बस, हलकी रेल्वे आणि बोगदा. बोगदा जुळा केला तर खर्च ५.६५ अब्ज डॉलर, एकच केला तरी ३ अब्जांच्या वर. त्याचा व्यास साठ फुटांच्या आसपास, सिअ‍ॅटलमध्ये अडकून पडलेल्या ‘बर्था’ या बोगदा खोदणाऱ्या अवाढव्य यंत्रापेक्षाही मोठा. ते यंत्र डिसेंबर २०१३ मध्ये जमिनीखाली बंद पडलं होतं आणि पुन्हा चालायला दोन वर्षं लागली, हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. शिवाय मधे कुठेही उतरण्याची वाट नाही, टोल असू शकतो, ट्रकना बंदी असू शकते. ट्रकच जाणार नसतील तर बंदराच्या मालासाठी हा रस्ता कशाला, याचं पटणारं उत्तर मला त्या मसुद्यात सापडत नाही.

मे २०१७ मध्ये कौंटीची वाहतूक सांभाळणाऱ्या मेट्रो या यंत्रणेच्या मंडळाने एकमताने बोगदा सोडून दिला आणि उरलेला पैसा परिसरातल्या सिग्नल, चौक, बस आणि रस्त्यांच्या सुधारणांकडे वळवायचं ठरवलं. २०१८ मध्ये कॅलट्रान्सनेही अंतिम अहवालात तोच पर्याय निवडला, म्हणजे साउथ पॅसाडिना अनेक वर्षं ज्याची मागणी करत होती जवळपास तोच. ऑक्टोबर २०१९ मध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी सह्या केल्या. सिनेटर अँथनी पोर्टांतिनो आणि असेंब्ली सदस्य ख्रिस होल्डन यांनी पुढे नेलेल्या या कायद्यांनी १ जानेवारी २०२४ पासून मधला तुकडा फ्रीवेच्या यादीतून कायमचा वगळला. १९५९ मध्ये काढलेली रेघ पुसायला पासष्ट वर्षं लागली.

आता काय उरलंय

घरांसाठी दोन कायदे २०२१ मध्ये झाले. साउथ पॅसाडिनातली रिकामी घरं गावाला आणि एल सेरेनोतली घरं परवडणाऱ्या निवासासाठी, सरकारने मुळात ज्या किमतीला घेतली त्याच किमतीला देता यावीत अशी त्यांत सोय आहे. १९६० च्या दशकातल्या किमतीला घर म्हणजे स्वस्तच. पण पन्नास वर्षं दुर्लक्षित घर राहण्याजोगं करायला किती पैसा लागतो, हे छप्पर उघडल्यावरच कळतं. ज्यांनी ही घरं घेतली किंवा घ्यायची ठरवली आहेत त्यांच्यापुढे तो हिशोब रोज आहे.

अल्हांब्राचं टोक तसंच आहे. सिग्नल आहे, रांग आहे. मेझर आरच्या पैशातून चौक सुधारण्याची कामं निघाली, पण फ्रीवे जिथे संपतो तिथे तो कसा संपवावा याचा प्रश्न सुटलेला नाही. माझ्या मते फ्रीवेचा शेवट हळूहळू मंदावणाऱ्या, झाडं लावलेल्या शहरी रस्त्यात व्हायला हवा, म्हणजे चालकाच्या पायाला आधीच कळेल की आता गाव आलं. ते काम बोगद्याच्या शतांश खर्चात होईल आणि फ्रीमाँटच्या लोकांना ते आधी मिळायला हवं होतं.

पॅसाडिनाचं टोक मात्र बदलणार आहे. २०२२ मध्ये राज्याच्या वाहतूक आयोगाने खंदक आणि आसपासची सुमारे ५० एकर जागा पॅसाडिना शहराला परत दिली. पुढच्या वर्षी तुटलेल्या वस्त्या जोडण्याच्या फेडरल योजनेतून आराखड्यासाठी २० लाख डॉलर मिळाले. शहर आता विचारतं आहे की खंदक भरून वर घरं बांधायची, बागा करायच्या, जुने रस्ते पुन्हा जोडायचे की काय करायचं. ज्यांना १९७० च्या आसपास उठवलं त्या कुटुंबांच्या मुला-नातवंडांना बैठकांना बोलावलं जातं आहे. काहीजण हातात जुने फोटो घेऊन येतात: ही आमची ओसरी, हे लिंबाचं झाड, इथे शेजारी राहायचे.

दर १ जानेवारीला (रविवार आला तर दुसऱ्या दिवशी) पॅसाडिनात रोझ परेड निघते. फुलांनी मढवलेले रथ ऑरेंज ग्रोव्हवरून कोलोरॅडो बुलेव्हार्डवर वळतात आणि लगेच एका पुलावरून पूर्वेला जातात. टीव्हीवर पाहणाऱ्यांना तो पूल कळतही नाही. पुलाखाली तोच खंदक आहे. त्याच्या दोन्ही कडांनी सेंट जॉन आणि पॅसाडिना अ‍ॅव्हेन्यू हे दोन एकेरी रस्ते समांतर जातात, आणि त्या रस्त्यांमधली सगळी रुंदी ही कुणाकुणाच्या अंगणांची आहे.